जे उरतं

जळगावच्या सराफ बाजारात, दिवाळी सरल्यावरच्या पहाटे,
दुकानं उघडायच्या आत माझा बाप पायऱ्या झाडायचा.
झाडण्याचे पैसे तोच भरायचा, पेढीमागे वर्षाचे ठरवून.
सोनाराच्या दारातली धूळ विकत घ्यावी लागते.

झारेकरी, नाव उखर्डू.
आधीची तीन गेली म्हणून
आजीने जन्मताच उकिरड्यावर लोळवून आणलेला.
उकिरड्याने त्याला पुढे कधी सोडलं नाही.

पोत्यातली धूळ घमेल्यात, घमेलं पाण्यात.
हलकं वाहून जायचं: केस, राख, विडीची थोटकं, कुणाच्या लग्नातल्या अक्षता.
जड तळाशी बसायचं.
मग पारा. अंगठ्याने मळायचा तो, कणीक मळावी तसा,
आणि पारा सोन्याला हुडकून पोटात घ्यायचा,
वाळूला शिवायचासुद्धा नाही.
मी सात वर्षांची. मला वाटायचं, पाऱ्याला डोळे आहेत.

आता मी तीन हात जाड काचेसमोर उभी असते,
शिसं मिसळलेली, जुन्या तुपासारखी पिवळी काच.
पलीकडे माझी कामं पोलादी चिमटे करतात.
अणुभट्टीतून आलेलं जळकं इंधन
नायट्रिक आम्लात विरघळलेलं,
त्यात आवर्तसारणीचा अर्धा बाजार.
वरून तेल ओतायचं, रॉकेलच्या जातीचं,
त्यात फॉस्फेटचा एक रेणू. त्यालाही डोळे आहेत.
हलवायचं. थांबायचं.
शेवभाजीवर तर्री यावी तसा थर वेगळा होतो,
युरेनियम, प्लुटोनियम तेलात चढतात,
सीझियम, स्ट्रॉन्शियम खाली आम्लात.
आणि अमेरिशियम.

अमेरिशियमने माझी अकरा वर्षं घेतली.
ते लँथनाइडांच्या घोळक्यात उभं राहतं,
तोच प्रभार, तीच अंगकाठी,
एकाच ठाणातून सदरे शिवून वरातीला आलेले चुलतभाऊ.
हाक मारली की सगळेच वळून बघतात.
नायट्रोजनवाला रेणू लागतो, जरा मऊ हाताचा,
तेव्हा कुठे तेच एकटं पुढे येतं,
शंभरातलं नव्वद.
उरलेल्या दहासाठी पुन्हा. पुन्हा.

सुट्टीत ओट्यावर बसून बापाला हे सगळं सांगितलं.
कळण्याची भाकरी, वर ठेचा. घास तोंडापाशी नेताना थोडा सांडत होता.
"सोनं कितलं निंघस?"
सोनं नाही निघत, आबा.
सीझियम निघतं, काचेत घालून त्याच्या पेन्सिली करतात,
दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या त्याच्या किरणांखाली धरतात.
त्याने मान हलवली, गिऱ्हाईकाने भाव कमी सांगितल्यासारखी.
बराच वेळ गेला.
"आनि मंग जे उरस, त्यानं काय करतस?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
नातेवाईक पगार विचारतात. शेजारी बॉम्बचं विचारतात.
मी सांगितलं: काचरसात मिसळून ओततो, पोलादी डब्यात,
डबा निवत ठेवतो वर्षानुवर्षं,
पुढे कधीतरी खडकात, खोल.
सीझियम तीनशे वर्षांत शांत होईल.
अमेरिशियम आत राहिलं तर काही हजार.
"इतला दिन कोन राखी?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही.

मग तोच बोलला, अंगणातल्या नळाकडे बघत:
"आम्ही ते गटारमा वती देऊत."
तेजाब, पाऱ्याचं पाणी, सगळं.
मागच्या बोळातून नाल्याकडे. तीस वर्षं.
हात मांडीवर होता आणि थरथरत होता,
अंगठ्यापासून सुरू होऊन कोपरापर्यंत,
जसा कुणी आतून अजून मळतो आहे.

मला सगळ्यांची अर्धायुष्यं पाठ आहेत.
पाऱ्याला ते नसतं. साधा पारा साधाच राहतो, संपत नाही.

जेवण झालं. त्याने धोतरावरचा चुरा
एकेक कण वेचून तळव्यात गोळा केला,
हलणाऱ्या हातातून पुन्हा सांडला, पुन्हा वेचला,
आणि मूठ मिटून माझ्याकडे पाहिलं,
कुठे टाकू, असं.