भात्यामागची मोडी

मुरारच्या चर्चमधून निरोप आला:
ऑर्गनचा एक सूर अडकलाय, थांबत नाही.
आम्ही दौलतगंजातले पेटीवाले.
आमचा भाता वीतभर, याचा दोन माणसं निजतील एवढा.
म्हटलं, बघून तर येऊ.

पाद्री लालसाहेबांनी जाड वही उघडली.
जहाजानं मुंबई, पुढे रेल्वे, मग बैलगाड्या अकरा,
नळ्या पाचशे बारा, पैकी एक पिचलेली उतरली.
कुणा कर्नलनं बायकोच्या नावानं दिला.
वाजवणाऱ्यांची नावं ओळीनं, ठसठशीत.
वारा घालणाऱ्याच्या रकान्यात
"कुली, दरमहा अडीच रुपये".

विजेरी दातांत धरून मागच्या फळीआड शिरलो.
गांधीलमाश्यांची मातीची घरं,
आणि लाकडी दांडा,
हातांनी इतका गुळगुळीत केलेला
की उजेड त्यावरून घसरला.
दोरीला शिशाचं वजन:
भाता भरला की खाली, सरत आला की वर.
शेजारी सुरीनं कोरलेली रेघ,
तिच्यावर जाऊ द्यायचं नाही.

रेघेखाली पेन्सिलीची मोडी.
दुकानाच्या जुन्या खतावण्यांनी शिकवलेली तेवढी मला येते.
ओठ हलवत वाचलं:

राणोजी खिलारे. आज लग्नं तीन.
मेमसाहेब चुकल्या, लोक वळून माझ्याकडे बघतात.
थंडी फार. फटीतून बघितलं, गाणाऱ्यांच्या तोंडून वाफ.
मुलगा झाला. आज जोरात.
लहान पेटी आली, हातभर. हळू वाजवलं,
वारा तेवढाच लागला.

मग बरंच पुसट.
मग, उद्यापासून वीज.

त्याखाली लाकूड.

सूर अडकला होता झडपेत, चिमूटभर मातीनं.
ती काढली, कातडं बदललं,
आणि वाजवून बघायच्या वेळी लाईट गेली.
लालसाहेब म्हणाले, राहू द्या, उद्या बघू.
मी म्हटलं, तुम्ही बसा तर खरं.

दांडा धरला.
ते काय वाजवत होते कळेना,
पहिला सूर आमच्या काळी दोनच्या किंचित खाली,
एवढंच कानाला लागलं.
बाकी सगळा जीव त्या शिशाच्या तुकड्यात.
एकदा रेघेवर गेलं,
तेव्हा पलीकडे सूर कण्हला
आणि मी शरमलो, कुणी बघत नसताना.

रात्री बिल केलं.
झडप साफ. कातडं एक वीत. टांगा जाऊन-येऊन.
वाऱ्याचे किती लावायचे सुचेना.