सहा नंबर

पांढरे उंदीर गेले, पिंजरे राहिले.
त्यांत आता डस्टर, जुन्या उत्तरपत्रिका, बंद पडलेलं स्टॉपवॉच.
उंदरासाठी समिती लागते, अर्ज लागतो, शिक्का लागतो.
झुरळांसाठी हेडाऊ पुरतात.

"आठ आणले जी मॅडम, कॅन्टीनच्या शेगडीमागून.
नववं लय हुशार होतं."

बी.ए. द्वितीय वर्ष, एप्रिल,
धंतोलीचा डांबरी रस्ता अकरालाच मऊ.
कूलरच्या वाऱ्यानं प्रयोग नासतो, म्हणून कूलर बंद.
एकवीस मुली घाम पुसताहेत
आणि तीन मुलं दाराला चिकटून,
पळायला सोपं.

पाच मिनिटं फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी डब्याशेजारी,
मग गारठलेल्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका.
पर्समधले रंग संपत गेले
तेव्हा सहा नंबरला जांभळा मिळाला.

स्ट्रॉमधून शेपटीकडे हलकी फुंकर.
पळालं. पुन्हा फुंकर. पळालं.
तक्त्यात रेघा, रेघांवर आडवी रेघ.
सतराव्या फुंकरीला त्यानं फक्त मिशा हलवल्या,
विसाव्याला तेही नाही.

"मेलं का?"
"नाही. वारा आला की मागून चप्पल येतेच असं नाही,
एवढं कळलं त्याला."
फळ्यावर लिहिलं: शिकण्याचा सगळ्यात साधा प्रकार.

हर्षाली ठवकर कधी बोलत नाही. ती म्हणाली,
"आमचं घर अजनीला, रुळांला लागून.
मालगाडीनं मांडणीवरची भांडी वाजतात,
पाहुणे उठून बसतात. आम्ही झोपून."
मी म्हटलं, बरोबर, हेच उदाहरण परीक्षेत लिही.
"पण मॅडम, अडीचची गाडी आली नाही
तर मी जागी होते. ते काहून?"

कुणी काही बोललं नाही.
कूलर बंद आहे हे
तेव्हा कुठं ऐकू आलं.
मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते,
आणि सगळ्यांच्या जर्नलवर सह्या केल्या.

संध्याकाळी हेडाऊंनी बाटल्या मागच्या अंगणात उपड्या केल्या.
"मारू कशाले? कामाचे होते बाप्पा."

सोमवारी कॅन्टीनच्या ओट्यावर,
तर्री-पोह्याच्या ताटलीमागं,
जांभळा ठिपका.
इकडंतिकडं पाहून मी वाकले
आणि फुंकर मारली.

पळालं!
पहिल्या दिवसासारखं, जीव घेऊन.

नोंद करायला जवळ कागद नव्हता.