टॅपेट

उद्यमनगरात कुणालाही विचारा.
इंजिन न खोलता सांगतो बेरिंग कुठलं गेलंय:
स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचं,
मूठ कानामागच्या हाडाला.
पुढचं लोखंडच बोलतं.

शालनच्या छातीवर
क्रीमच्या बिस्किटाएवढं यंत्र चिकटवून
कोरगावकर मॅडम म्हणाल्या,
काका, हिच्या झडपेचा आवाज हे दिवसरात्र टिपणार,
आम्हाला इथं दवाखान्यात ऐकू येणार.
आंघोळीला तेवढं काढा.

लहानपणी ताप आलेला म्हणे, सांधे धरलेले.
हातकणंगल्याला मामानं अंगारा लावला, ताप उतरला.
उतरला कुठला,
आत जाऊन झडपेच्या कडेला बसला चाळीस वर्षं.

पहिल्या आठवड्यात यंत्रानं ऐकलं
मिक्सर, भाजीवालीशी घासाघीस,
दोन जिने आणि भरलेली कळशी
(उचलू नको म्हटलं होतं, तरी).
आठव्या दिवशी फोन:
मंगळवारी पहाटे पावणेचारला काय झालं?
ठोके पळालेत. फुसफूस वाढलीय.

मी म्हटलं, झोपलो होतो.
शालन पदराची सुटलेली दशी ओढत बसली.
मग म्हणाली, आडवं झालं की दम कोंडतो.
दोन उशा घेऊन भिंतीला टेकते.
कधीपासनं?
दिवाळीपासनं.
फेब्रुवारी संपत आला होता.

चौकापलीकडनं जाणाऱ्या बुलेटचा
टॅपेट वाजला तरी मला कळतो.
हाका मारून थांबवलंय मी लोकांना.
आणि इथं हातभर अंतरावर,
एका चादरीखाली.

त्या रात्री मॅडमनी पाठवलेलं हेडफोन लावून ऐकलं.
लब्, मग फुस्स, मग डब्.
सीट धरत नाही. दाब मागं पळतोय.
असल्या झडपा पेस्ट लावून, घासून
शेकड्यानं बसवल्यात ह्या हातांनी.
काय वाजतंय? तिनं विचारलं.
गिऱ्हाइकाला सांगतो ते ओठापर्यंत आलं.
काही नाही म्हटलं. सरक थोडी.

आज पुन्हा फोन.
काका, काल पहाटे तीन ते साडेतीन नुसती खरखर आहे.
यंत्र सैल झालं होतं का?

नाही मॅडम.
दाढी वाढलीय माझी.
आजच करतो.