छाट

घरफाळ्याची जुनी पावती शोधायला माळ्यावर चढले
आणि उतरले ती डालड्याचा डबा घेऊन.
सर्जेरावानं पक्कडीनं झाकण उचकटलं,
"काय नाही, भंगार हाय," म्हणाला,
आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेला.

पानं कापायचा पत्र्याचा फर्मा, कडा झिजलेल्या.
कात्रीचं एकच पातं.
खाली, लाल दोऱ्यात गुंतलेलं, कारखान्याचं पासबुक.
नाकाशी धरलं. बावीस वर्षांनी
निपाणीचा तंबाखू शिंकायला लावतो, रडायला नाही.

मला लिहायचं आहे आईबद्दल.
निवृत्त झाल्यापासून दोनशे पानी वही आणून ठेवलीय.
पहिलं वाक्य बारा वेळा लिहून झालं :
"माझी आई अशिक्षित होती, पण"
त्या पण-च्या पुढं मला जाता येत नाही.

म्हणून आज फर्मा कोऱ्या पानावर ठेवला,
पेन्सिलीनं भोवती रेघ मारली,
ठरवलं, एवढ्याशा जागेत मावेल तेवढंच.

मांडीवर सूप. ओल्या पोत्यात पानं.
पहाटे चारचा दिवा आणि तिच्या बोटांची
उंदरासारखी खुसखूस.
हजार विड्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे.
खिडकीपाशी रांग. आतला चेकर
मूठभर उचलून बाजूला फेकायचा : छाट!
त्याचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
ती बोलायची नाही. घरी येऊन
आम्हाला विचारायची, आज शाळेत काय लिवलासा?

पासबुकात आठवड्याला एक अंगठा.
निळा, जांभळा, कधी नुसताच तेलकट.
पानामागून पान,
जशी एकच बाई रांगेत पुन्हा पुन्हा उभी.

मग श्रावणातल्या एका शनिवारी
अंगठा नाही.
सही.
कानडीत.

आमच्या घरात! जिथं बाबा
कानडी पाटीची बस आली की मान फिरवायचे,
मोर्चाला जाताना सर्जेरावाला खांद्यावर घ्यायचे.
मी स्वतः बत्तीस वर्षं मराठी शाळेत
ऱ्हस्व-दीर्घाच्या छाट काढल्या.
आणि ती, शेजारच्या निंगव्वाच्या मांडीला मांडी लावून,
सुपातल्या जर्द्यावर बोटानं
गोल गोल गिरवत होती.
आता आठवतं, आम्ही आत आलो की
दोघी सूप हलवायच्या.
सगळं सपाट.

निंगव्वाला जे येत होतं ते तिनं दिलं.
मराठी शिकवणारी तर घरातच होती,
तिनं कधी मागितलं नाही,
मी कधी विचारलं नाही.
हे रेघेच्या बाहेर गेलं. जाऊ दे.

चष्मा पुसून सही वाचली.
अक्षरं विडीच्या तोंडासारखी, आत मुडपलेली.
अ. क्का. ता. यि.
हात लाल पेनाकडं गेलाच.
आईचं नाव आक्काताई. पहिलंच अक्षर आखूड,
शेवटी ई हवी तिथं
मग थांबले.

कानडीत तायि म्हणजे आई.

मराठीत जन्मभर ती दोनदा थोरली बहीण,
आक्काही आणि ताईही, सगळ्या गल्लीची,
कुणाची उसनी साखर, कुणाचं बाळंतपण.
आम्हीसुद्धा कधी कधी आक्काच म्हणायचो.
निंगव्वानं तिला सांगितलं असेल का,
की तुझं नाव आमच्याकडं असं होतं?
हसल्या असतील का दोघी, दोरा दातात धरून?

वही उघडली. "पण" खोडला.
मग "अशिक्षित" खोडलं.
माझी आई होती.
एवढं उरलं, आणि फर्म्यात भरपूर जागा.

सर्जेराव आत आला. "पावती घावली?"
पासबुक त्याच्या हातात दिलं.
बाजारात बसतो तो, कानडी फर्रकन वाचतो.
सही बघितली, पान उलटलं, परत सही बघितली.
"आईचं नाव," म्हणाला,
"हे कुणाकडनं लिवून घेतलं तिनं?"