सेटलमधला गडगा

गावाचं नावच सेटल.
मालवणहून मावशी विचारते, "सेटल झालीस का गं?"
तेव्हा पत्त्यापुरतं तरी हो म्हणता येतं.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत, दर मंगळवारी,
मी आर्नल्ड मेटकाफचा कोर्स जोडत बसते:
चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय
दगडी भिंत कशी रचावी. आठ धडे, ऑनलाइन, फुकट.
बजेट शून्य, म्हणून अवजारंही फुकटची.
आवाज कापायला एक, चित्रं सांधायला एक,
धडे ओळीने मांडायला तिसरं.
कुणी बनवली, ठाऊक नाही.
शोधलं तर आत कुठेतरी नावांची लांबलचक यादी आहे,
पंगतीत वाढणाऱ्यांसारखी.
हात दिसतात. आपण जेवून उठतो.

आर्नल्ड एक्क्याऐंशीचा.
माइक स्वेटरला लावला तर लोकरच जास्त बोलते.
दगड उचलतो, फिरवतो,
आणि गप्प होतो.
पडद्यावर त्याचं गप्प होणं म्हणजे
जवळजवळ सरळ रेघ.
अशा रेघा छाटणारं एक बटण आहे.
मी दाबलं.
चाळीस मिनिटांचा धडा अकरावर आला.
दगडावर दगड, पटापट,
भिंत जशी आपणहून उगवत होती.

आर्नल्डने चष्मा लावून सगळं पाहिलं.
चहा संपवला.
म्हणाला, "छान आहे. कुणी बांधली?"

मग मी एकेक पाऊल मागे येत गेले.
या अवजाराचं एवढं बरं,
घेतलेलं सगळं निमूट परत देतं.
रेघा परतल्या,
त्यांच्यात वारा, लांबवर एक मेंढी,
त्याच्या गुडघ्याचं कट्.
वारा कमी करायचा
तर ते म्हणतं, आधी नुसता वारा ऐकवा.
दोन सेकंद, ज्यात माणूस नाही.
अख्ख्या धड्यात असे दोन सेकंद सापडेनात.
तो बोलत नव्हता तिथेही श्वास होता.
राहू दिला वारा.

आमच्याकडे याला गडगा म्हणतात, मी सांगितलं.
जांभ्याचा, काजूच्या बागेभोवती.
"गॅडगा," तो म्हणाला,
शब्द तळहातावर फिरवून पाहिल्यासारखा.
"मधे बारीक चिपा भरता?"
भरतो.
"मग ठीक."

परवा सेटिंगमध्ये भाषांची यादी चाळताना
मराठी दिसली. कुणीतरी अर्ध्यावर सोडलेली.
'उघडा' आहे, 'जतन करा' आहे, 'मागे घ्या' आहे,
पुढे सगळं इंग्रजीचं खिंडार.
परीक्षा आली असेल त्याची, किंवा तिचं लग्न ठरलं असेल,
किंवा नुसताच कंटाळा.
आर्नल्ड तिसऱ्या धड्यात सांगतो,
वाटेत ढासळलेला दगड दिसला
तर भिंत कुणाची, ते विचारत बसू नये.

मी कोट घातलेलाच होता. तशीच बसले.
हीटर सहालाच बंद होतो इथे.
सायलेन्सला 'शांतता' लिहिलं, खोडलं.
'स्तब्धता' फारच शोकसभेतली.
'गप्प' बसतो का पाहिलं. एक कड वर राहते.
पुन्हा 'शांतता'.

एकदा उचललेला दगड खाली ठेवू नये,
असंही तो बजावतो.
पण स्वतः ठेवतो,
चौथ्या धड्यात, बाराव्या मिनिटाला, दोनदा.
ते कापलेलं नाही.