तूरडाळ, एक किलो

गोवावेसच्या त्या गार दुकानात
दोन पुड्या तू समोरासमोर धरलेल्या.
एक वाघाची, टीव्हीत येते ती.
दुसरी दुकानाच्याच नावाची, पांढरी,
तिच्यावर वजन, तारीख, आणि काही नाही.
फरक चौतीस रुपये.

मी म्हटलं, वाघाची घे.
तू म्हणालीस, "वाघ कधीपास्नं डाळ खाऊलाय?"
मागं ट्रॉली धरून उभा असलेला माणूस हसला.
मला ते लागलं.

तुला सांगितलं नाही कधी.
आमच्या घरी नाव एकाच जागी असायचं,
चन्नबसाप्पाच्या उधारीच्या वहीत.
डाळ यायची कन्नड पेपरात बांधून,
मला वाचता न येणाऱ्या बातम्यांत,
आणि आई पेपर झटकून घडी घालून ठेवायची, परत द्यायला.
बिननावाची डाळ म्हणजे मला अजून
उधारीचीच वाटते.

फाटक पडलेलं.
स्कूटर बंद केली, तुझं तोंड चालू.
"मच्छ्याला पाच वर्षं डाळ भरलोय मी.
एकच नरसाळं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाघ.
जेवून आलं की रोल बदलायचा, पांढरी पुडी.
डाळीला पत्तासुद्धा नसायचा."

मालगाडी आली. मी डबे मोजायचं नाटक केलं.

"आणि तुमचं काय हो?
उद्यमबागेत भट्टीपुढं उभं राहून ओततासा,
त्या पंपावर कुणाचं नाव असतंय?"

बेचाळीस, त्रेचाळीस.
मला माहीत आहे कुणाचं असतं.
आमच्याकडून काळा, खरखरीत जातो तो,
तिकडं कुठंतरी निळा रंग चढतो,
चार खिळ्यांनी पितळेची पट्टी बसते.
एकदा भावकीतल्या एकाच्या विहिरीवर दिसला.
हात लावून बघितला मी.
तो म्हणाला, "कंपनीचा हाय, सांभाळून."

घरी आल्यावर मला सुचलं, उशिरा, नेहमीसारखं.
मग कुंदा का शहापूरच्या त्याच म्हाताऱ्याचा लागतो?
दुसरा आणला तर वाटी सरकवतेस ती?
तू पिशवी रिकामी करत होतीस.
"त्याच्या दुकानाला पाटी हाय काय?"

नाही. खरंच नाही.
निळं दार, एक बाक, आणि कढईचा वास.
मी तिथं पंधरा वर्षं जातोय,
म्हाताऱ्याचं नाव मला माहीत नाही.

मग गप्प बसायला हवं होतं मी.
पण म्हटलं, नावाला काही किंमत असते की नाही?
माणसं उगीच पैसे मोजतात?

तू डब्याचं झाकण उघडं ठेवून थांबलीस.
"लग्नात ताटात तांदूळ पसरला होता.
तुमच्या अंगठीनं त्यात लिहिलासा, वृषाली.
तुमच्या आत्यानं मोठ्यांदा वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
यमकनमर्डीची निंगव्वा तिथंच पाटावर बसलेली होती,
तिला कुणी विचारलं न्हाई.
तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डब्यात ओतले.
मीच निवडलो, मीच धुतलो, मीच शिजवलो.
तुमी दोनदा भात घेतलासा.
लागली काय नावाची चव?"

कुकर लावलास तू.
कुठली डाळ, ते मी विचारलं नाही,
दोन्ही पुड्या ओट्यावर फोडलेल्या दिसल्या
आणि डबा एकच.

रात्री तुझ्या बहिणीचा फोन आला.
पलीकडनं "निंगी" एवढंच ऐकू आलं,
आणि तू अशी पटकन "हां" म्हणालीस,
तिचा शब्द पुरा व्हायच्या आत.

मी हाक मारतो तेव्हा
जरा थांबून ओ येते तुझी.
अठरा वर्षं मी समजत होतो,
मिक्सर चालू असेल.