पुलाखाली, रात्री अडीच

खानापूरच्या अलीकडं, मलप्रभेच्या पुलाखाली
शिसपेनाचं टोक काँक्रीटवर टेकवून मी मोडते.
टक.
सहाही सेन्सरांनी ऐकलं.
ग्रीस नीट लागलंय.
चाळीस डेसिबलच्या खालचं सगळं
नदी म्हणून सोडून द्यायचं.

वरून अडिवेप्पाची बॅटरी दोनदा लुकलुकते,
काट्यावर तोललेली ओली खडी चढते.
अठरा टन. पूल गप्प.
चोवीस. गप्प.

"काय म्हणूलाय त्यो?" भरमाण्णा विचारतो.
एकतीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत,
हातोडीच्या एका टिचकीवर
तो ओतीव पास करायचा, नाहीतर भंगारात.
आता डावा कान गेलाय, उजव्यात शिट्टी.

मोठ्यानं सांगते :
आजवर पेललं तेवढ्या ओझ्याला
हा चकार शब्द काढत नाही.
त्यापुढं गेलं तरच बोलतो.

बत्तीस टन.
पडद्यावर तीन टिंबं,
मग मोहरी सांडावी तशी.
दुसरा गाळा, तुळईच्या पोटात.
बॅटरी मारून बघितलं तर
चुन्याचा एक ओघळ, बाकी कोरं.
अडिवेप्पा खाली येऊन म्हणतो, बिरुकु.
अहवालात मी लिहीन, सक्रिय भेग.

ट्रक उतरला, पार वळणाआड गेला,
टिंबं पडतच आहेत.
"आता काय?"
कडा घासतायत एकमेकींवर.

भरमाण्णा शिडीवर चढून
तुळईला तळवा लावतो.
"मला कायबी लागंना की गे,"
म्हणतो,
आणि हात काढत नाही.